चार दिवसांत तारकर्ली? जरा थांबा

(वाचकांचे दुचाकीविषयीचे प्रश्न. उत्तरं देतात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवणारे आमचे मेस्त्रीकाका.)

प्रश्न : मेस्त्रीकाका, नमस्कार. डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी जुळून आली आहे. मी आणि बायको, १५० सीसीची गाडी. पुण्याकडून घाट उतरायचा, समुद्रकाठाने तारकर्लीपर्यंत जायचं आणि चौथ्या दिवशी रात्री घरी. मोबाइलवर तारकर्ली नऊ-एक तासांवर दिसते, म्हणजे वेळ भरपूर आहे. कोणत्या घाटाने उतरावं आणि गाडीचं काय बघून घ्यावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मोबाइल खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला जेवढं विचारलंत तेवढंच तो सांगतो. ते नऊ तास कोल्हापूरवरून, हमरस्त्याने, कुठेही न रेंगाळता. तुम्हाला जायचंय समुद्रकाठाने. तो रस्ता थोडं अंतर गेला की खाडीला अडतो, आत वळून पूल नाहीतर फेरीबोट गाठतो, मग सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं माळरान, चढतो आणि पलीकडच्या गावात उतरतो. काठचा रस्ता म्हणजे सपाट, हा घाटावरच्या लोकांचा लाडका गैरसमज. तिथे ताशी तीस किलोमीटर धरा. पस्तीस पडले तर चहाला वेळ मिळाला समजा.

घाट कुंभार्लीच घ्या. माझं दुकान त्याच्या पायथ्याशी आहे म्हणून नाही. ताम्हिणी जवळचा आणि देखणा आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे पुण्याच्या गाड्यांची जत्रा असते, आणि तो तुम्हाला पार माणगाव-कोलाडला उतरवतो. तिथून दक्षिणेला महामार्गाने ट्रकांच्या मागे धूळ खात यावं लागतं. आंबा घाटाने थेट रत्नागिरीकडे उतरता येतं, पण मग गुहागर हुकतं. कुंभार्लीसाठी कऱ्हाडपर्यंत चौपदरी रस्ता आहे, तिथून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, की घाटमाथा. खाली पोफळी, शिरगाव, चिपळूण. चिपळुणातून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. सगळं मिळून तीनशेच्या आसपास होतं. पहाटे निघालात तर उन्हं कलायच्या आत गुहागरच्या सुरूच्या बनात पाय मोकळे कराल.

कऱ्हाड-पाटण पट्ट्यात डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा असेलच असं नाही. पहाटेच्या धुक्यात तो काळा ढीग एकदम समोर येतो. म्हणून हा पट्टा उजेडातच ओलांडायचा, ही माझी अट समजा.

दुसऱ्या दिवशी गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. हेदवीला दशभुजा गणपती आहेच, पण भरतीची वेळ साधली तर बामणघळही बघा. खडकाच्या चिरेतून लाट वर उसळते. तवसाळला फेरीबोटीत गाडी घालून जयगडला उतरायचं. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या रात्री जिथे उतराल त्या घरमालकांना विचारा. बोट चुकली तर वळसा फार मोठा पडतो. बोटीचा लोखंडी उतार ओला आणि शेवाळलेला असतो. त्याच्यावर पुढचा ब्रेक मारायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये हळू जायचं, मागच्या माणसाने आधीच उतरून चालत जायचं. पलीकडे मालगुंड. तिथे केशवसुतांचं जन्मघर आहे, अर्धा तास द्या. मग गणपतीपुळे आणि आरे-वारेचा रस्ता. त्याच्याबद्दल लिहीत नाही, तुम्ही थांबणारच आहात. फक्त वळणावर थांबू नका. मुक्काम रत्नागिरीला.

तिसरा दिवस खरा लांबीचा. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली. कागदावर पावणेदोनशेच्या आतबाहेर, पण सकाळी निघून दिवे लागणीला पोचाल. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ आणि कुणकेश्वर, दोन्ही बघायचं म्हटलं तर अंधार पडेल. एक निवडा.

आता हिशेब करा. तिसऱ्या संध्याकाळी तारकर्ली, आणि चौथ्या दिवशी कणकवली, फोंडा घाट, कोल्हापूर करत चारशे किलोमीटर चिंचवडला! म्हणजे ज्या समुद्रासाठी निघालात तो अंधारात बघायचा, पहाटे त्याला पाठ दाखवायची आणि रात्री दहाला साताऱ्याच्या पुढे पेंगत गाडी हाणायची. चौथ्या दिवशी दमलेल्या माणसाने चालवलेल्या गाड्या मी ओढून आणल्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो : एक दिवस वाढवा, नाहीतर तारकर्ली सोडा. चारच दिवस असतील तर रत्नागिरीला दोन मुक्काम करा, तिसऱ्या दिवशी पावस-पूर्णगड करून या आणि चौथ्या दिवशी साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर असे परता. तारकर्ली पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आणि ताईंना विचारलंत का? तुमच्या पत्रात ‘मी आणि बायको’ एवढंच आहे. मागे बसणाऱ्याची पाठ आधी बोलते. थांबे त्यांनी ठरवावेत. माझं मत विचाराल तर, तासाला एकदा उतरलंच पाहिजे.

गाडीचं सांगतो. ब्रेक लायनर आणि पॅड किती उरलेत ते चाक खोलून बघायला लावा. ‘चालतील हो’ ऐकून निघू नका. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललंय का विचारा. ते हवेतला ओलावा धरतं, मग उतारावर तापलं की उकळतं आणि लिव्हर नुसता दांड्याला जाऊन टेकतो. मागे माणूस आणि सामान आहे, तेव्हा मागचे शॉकअप एक-दोन घरं कडक करा. मागच्या टायरची हवा डबलसीटच्या आकड्याप्रमाणे भरा. तो आकडा चेन कव्हरवर किंवा पुस्तकात छापलेला असतो. जादा क्लच केबल जवळ ठेवा. छोट्या गावात मेस्त्री भेटतो, पण तुमच्या गाडीची केबल त्याच्याकडे असेलच असं नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की समोर दिसेल त्या पंपावर भरा. आणि हेल्मेट दोघांनाही, आयएसआयचं.

सगळ्यात महत्त्वाचं, उतरायचं कसं. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यात. इंजिन गुरगुरलं तर गुरगुरू द्या, ते तुमचंच काम करतंय. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला टाकून उतरणारे शहाणे माझ्याकडे रोज येतात : ब्रेकचा जळका वास आणि निळं पडलेलं डिस्क घेऊन. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी नीट दाबायचा, वळणात सोडायचा. वळण आपल्याच बाजूने घ्यायचं. एसटीला वळताना पूर्ण रस्ता लागतो, तो ड्रायव्हर मस्ती करत नसतो, त्याच्या गाडीची लांबीच तेवढी आहे. हॉर्न ऐकलात की कडेला थांबा. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि माणुसकीही. माकडांना बिस्किटं टाकू नका. ती मग पुढच्या मोटरसायकलवाल्याच्या पिशवीवर झेपावतात.

जेवणाचं एकच. गुहागर काय, आचरा काय, घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगा. ऐनवेळी गेलात तर मासे संपलेले असतात, आणि मग तुम्ही पनीर खाऊन कोकणाला नावं ठेवता.

प्रश्न : काका, मला एकटीला ११० सीसीच्या स्कूटरवर कोल्हापूरहून मालवणला जायचं आहे. आई म्हणते, स्कूटरने घाट उतरत नाहीत. खरं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आई पूर्ण चुकीची नाही गो. आमच्या भागात बायका स्कूटरवर भाजी, गॅस सिलेंडर आणि पोरं एकदम घेऊन घाटी चढतात, तेव्हा चढाची काळजी सोड. उताराची कर. तुझ्या गाडीला गिअर नाहीत. वेग फार कमी झाला की आतला क्लच सुटतो, इंजिनचा धरही सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यातून ड्रम ब्रेक असतील तर ते लवकर तापतात. म्हणून दोन्ही ब्रेक मिळून दाब, आणि पकड ढिली वाटली की रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं गाडी उभी कर. ब्रेक गार करायला पाणी ओतू नकोस.

रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात, पण तिकडे जायचं तर कोणता चालू आहे ते गगनबावड्यात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य आहे. तिन्हीसांजेनंतर गवा रस्त्यावर येतो आणि हॉर्नला तो भीक घालत नाही. सकाळी सातला कोल्हापूर सोड, दुपारच्या जेवणाला मालवण. आईला दाजीपूर, फोंडा आणि कणकवलीहून फोन कर. मधे जंगलात रेंज जाते हे तिला आधीच सांगून ठेव.

प्रश्न : जुलैमध्ये धबधबे बघत आंबोली घाट उतरायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जाऊ नये, ही. दरडी कोसळतात त्या याच दिवसांत. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, कडेला शेवाळ धरलेलं असतं, आणि रविवारी धबधब्याखाली गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. गणपतीनंतर, सप्टेंबर सरताना जा. तेव्हाही पाणी असतं, हिरवं असतं, आणि रस्ता दिसतो. जुलैतच जायचं असेल तर एसटीने जा, खिडकीची जागा धरा.

प्रश्न : समुद्रावरून आल्यावर गाडी गंजते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : न धुता ठेवलीत तर गंजते. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. चेन, स्पोक, सायलेन्सरची खालची बाजू आणि स्टँडचा सांधा विसरू नका. सुकली की चेनला तेल द्या. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी चालवायची हौस करू नका. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती आली की गाडी ओढायला माणसं मिळतात, पण फुकट नाही मिळत. वाळूत किंवा मऊ मातीत साइड स्टँडखाली चपटा दगड नाहीतर नारळाची करवंटी पालथी घाला.