मालवेअर शिकण्यासाठी डार्क वेबवरच्या बाजारात उतरावे लागते का?

तुम्ही संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहात आणि मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, जिथे विकले जाते त्या डार्क वेबवर (इंटरनेटच्या छुप्या भागात) गेल्याशिवाय ते समजणार नाही असे तुम्हाला वाटते. मी एका सहकारी बँकेत माहिती-सुरक्षेचे काम करतो आणि माझे स्पष्ट मत आहे की तिथे जाऊ नये. त्याऐवजी न्यायालयापर्यंत गेलेले एखादे जुने प्रकरण घेऊन ते मुळापासून समजून घ्यावे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ मधला हल्ला त्यासाठी उत्तम आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी बँकेच्या स्विचकडे, म्हणजे अशा मागण्या हाताळणाऱ्या यंत्रणेकडे, येते, स्विच मुख्य बँकिंग प्रणालीत शिल्लक तपासतो आणि मगच होकार देतो. हल्लेखोरांनी मालवेअरच्या आधारे या वाटेत बनावट स्विच उभा केला, त्यामुळे ११ तारखेला, शनिवारी, आलेल्या मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत आणि होकार मात्र परस्पर मिळत गेले. म्हणूनच खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही; पैसे गेले ते बँकेचे. सोमवारी स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले आणि एकूण नुकसान ९४ कोटींवर पोचले.

बाजार म्हणजे काय, हेही इथेच दिसते. क्लोन केलेली, म्हणजे खऱ्या कार्डांची नक्कल असलेली, कार्डे घेऊन २८ देशांत जवळपास एकाच वेळी एटीएमसमोर उभे राहायला माणसे लागतात, आणि ती मालवेअर लिहिणाऱ्याच्या ओळखीची असण्याची गरज नसते. कार्डांचा तपशील, कोरी कार्डे, रोकड काढणारे हात असे सगळे वेगवेगळ्या लोकांकडून मिळवता येते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, ते भारतातून रोकड काढण्याच्या साखळीतले होते. मला हा भाग तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शिवाय अशा बाजारात समोर कोण बसले आहे हे कळत नाही. डच पोलिसांनी २०१७ मध्ये हान्सा हा काळा बाजार ताब्यात घेऊन जवळपास महिनाभर स्वतःच चालवला आणि ग्राहकांची माहिती गोळा केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ आधीच वाचून ठेवा: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते आणि हेतू अप्रामाणिक असेल तर ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

अभ्यासासाठी मालवेअरचे नमुने हवेतच, पण ते संशोधकांच्या खुल्या संग्रहांतही मिळतात. चुकून उघडले जाऊ नयेत म्हणून ते बहुधा ‘इन्फेक्टेड’ हा पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये ठेवलेले असतात. व्हर्च्युअल मशीनचे (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचे) नेटवर्क तोडून आणि आधी स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परत येता येईल अशी त्याच्या स्थितीची नोंद, घेऊनच त्यांना हात लावावा. मात्र त्याआधी सी भाषेत स्वतः चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहा, तो कंपाइल करून घिड्रा या तयार प्रोग्राम उलगडून दाखवणाऱ्या मोफत साधनात उघडा आणि तुमचा लूप असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, कुठे आहे ते शोधा.