परसात पहिल्यांदाच दहा कोंबड्या पाळायच्या आहेत. खुराडा कसा बांधू? कडकनाथ घेऊ की गिरिराज?

जातीचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की शिरवळला घरामागे जागा आहे आणि व्हिडिओ बघून प्लायवूड आणि चिकन जाळीचा खुराडा करायचं ठरत आलंय. ते वाचल्यावर मला राहवेना, कारण तसलाच खुराडा आमच्या परसात होता आणि त्यावरून घरात अजून वाद आहे.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. सासूबाईंचा खुराडा पडवीला चिकटून, जांभ्याच्या चिऱ्यांचा, पुढे सरकवायची जाड फळी. दिसायला काही नाही. धाकटे दीर ठाण्याला असतात. एका मे महिन्यात आले आणि म्हणाले, "वहिनी, ही काय अंधारकोठडी? कोंबड्यांना व्हेंटिलेशन लागतं." सुट्टीभर खटपट करून त्यांनी प्लायवूडचं घर केलं. उतरतं छप्पर, पुढे षटकोनी भोकांची चिकन जाळी, बाहेरून निळा रंग. आणि घरात वास नको म्हणून ठेवलं कुठे, तर पार खालच्या अंगाला फणसाखाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "छान दिसतंय हो."

आमच्याकडचा जून-जुलै कसा असतो हे सांगायला नको. प्लायवूड फुगलं, पापुद्रे सुटले, दार चौकटीत असं आवळून बसलं की रोज सकाळी खालून लाथ घातल्याशिवाय उघडेना. श्रावणात आम्ही कोंबडी खात नाही, पण कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, कुठला श्रावण? एका सकाळी गेले तर आत नुसती पिसं. अंड्यावर आलेल्या तलंगा होत्या सगळ्या. दोन अर्धवट खाल्लेल्या, बाकीच्या मानेला धरून नुसत्या मारून टाकलेल्या. खालच्या कोपऱ्यात जाळी बाहेरून उचकटलेली, पिना सुटून लोंबत होत्या आणि तारेला राखाडी केस अडकलेले.

गणपतीत भाऊजी आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, कडी लावायची राहिली असणार."

तेव्हापासून दर गणपतीत आरती झाली की हा विषय निघतोच. चारचौघांत, मोदक खाता खाता. तर इथे लिहूनच ठेवते: दार त्या सकाळीही मी लाथ घालूनच उघडलं. उघडं राहिलेलं दार असं उघडावं लागत नाही. मुंगसाने नेल्या असंही ते मध्येच सांगतात. मुंगूस दिवसाउजेडी फिरतं. रात्रीचे धंदे कांडेचोराचे आणि रानमांजराचे.

म्हणून सांगते, चिकन जाळीने कोंबडी अडते, जनावर अडत नाही. भटकं कुत्रंसुद्धा ती दातांनी फाडतं. वेल्ड केलेली अर्ध्या इंचाची जाळी घ्या. महाग पडेल, पडू दे. पैसे वाचवायचेच असतील तर छपराच्या शोभेत वाचवा. अर्धा इंच अशासाठी की घुशी आणि साप दोन्ही आत येत नाहीत. जाळी पिनांनी ठोकू नका, पट्टी लावून स्क्रूने आवळा. जोतं दीड फूट उचला, खाली कोबा करा, म्हणजे उकरून कोणी आत शिरणार नाही. दाराला दोन कड्या लावा, एक वर एक खाली. घरात माझ्या भाऊजींसारखं कोणी असेल तर रोज रात्री लावलेल्या कड्यांचा फोटो काढून ठेवा.

माप विचारलंय: दहा कोंबड्यांना रात्रीपुरता 6 बाय 4 फूट पुरतो, दिवसा त्या मोकळ्या फिरणार असतील तर. उंची मात्र अशी ठेवा की झाडायला तुम्हाला आत उभं राहता येईल. वाकून झाडावं लागलं की झाडणं टळतं. कोब्यावर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा आणि अधूनमधून खालवर करा. बसायला आडवी काठी, कोंबडीमागे आठ इंच. अंड्यांचे खोके तीन बास, पण काठीपेक्षा खाली. खोके उंचावर असले की कोंबड्या त्यातच झोपतात आणि सगळी अंडी घाणीत.

आता जात. कडकनाथचं नाव सगळे घेतात. झाबुआची कोंबडी, 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मांस काळं. अंडं काळं नसतं, हे आधीच सांगून ठेवते. अंडी कमी आणि उबवायला क्वचित बसते. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर घेऊ नका. 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या करारात किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले ते पेपरात वाचलं असेलच. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची, दोन्ही अंगाने जड. मांसाला चांगल्या, पण कुत्रं मागे लागलं तर उडून फांदीवर जाणं त्यांना जमत नाही. शिवाय या संकरित जाती, घरच्या अंड्यातून पुढची पिल्लं तशीच निघत नाहीत.

माझं मत विचाराल तर सहा गावरान आणि चार ग्रामप्रिया. गावरान वर्षाला 60-70 अंडी देईल फार तर, पण खुडूक होईल, 21 दिवस अंड्यांवरून हलणार नाही आणि घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेईल. अंडी ग्रामप्रिया देईल, तिची गावरानच्या दुपटीच्या वर जातात. एक दिवसाची पिल्लं पहिल्याच खेपेला आणू नका, बल्बची ऊब सांभाळता सांभाळता रात्री जातात. महिना-दीड महिन्याची, लस दिलेली आणा. मानमोडीसाठी (म्हणजे राणीखेत रोगासाठी) लासोटा लस कधी दिली ते विचारून तारीख लिहून घ्या आणि पुढचा डोस जनावरांच्या दवाखान्यात विचारा. मानमोडी आली की कुठली जात आहे ते बघत नाही.

हे सगळं मी कोकणातून सांगते आहे. तुमच्याकडे एवढा पाऊस नाही, प्लायवूड कदाचित टिकेलही. तुमचा वैरी उन्हाळा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन थेट आत येत नाही. पत्रा घातलात तर वर झावळ्या नाहीतर उसाचं पाचट टाका. आणि व्हेंटिलेशनचं भाऊजी चुकीचं बोलले नव्हते. सासूबाईंच्या खुराड्यात पावसाळ्यात सकाळी डोळ्यांना झोंबायचं. आता चिरे आहेत तिथेच आहेत, फक्त पुढची फळी काढून अर्ध्या इंचाची जाळी बसवली. ती मी बसवून घेतली, भाऊजींनी नाही.

कोंबडा एकच ठेवा. शेजारी भिंतीला भिंत लागून असेल तर तोही नको, अंडी त्याच्यावाचून मिळतात. फक्त मग ती उबवायला ठेवू नका.