पायथनमधून गिटचा इतिहास वाचायचा आहे, पण 'नो मॉड्यूल नेम्ड गिट' येतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की फर्मागुडीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये कोणी कुठली फाइल कधी बदलली याचा अहवाल काढायचा आहे, आणि 'इम्पोर्ट गिट' या पहिल्याच ओळीवर गाडी अडते. पणजीत पाटोला आमच्या ऑफिसात नव्याने येणारी मुलंही इथेच अडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

लायब्ररीचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं आहे. पिपला, म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवून बसवणाऱ्या साधनाला, सांगायचं 'गिटपायथन', प्रोग्रॅममध्ये लिहायचं नुसतं 'गिट'.

एवढं करूनही तोच एरर आला, तर बहुतेक वेळा मशीनवर एकाहून जास्त पायथन असतात. लॅबमध्ये हे हमखास: एक सिस्टीमबरोबर आलेला, एक अ‍ॅनाकोंडाचा, आणि व्हीएस कोड तिसराच धरून बसलेला. पिप लायब्ररी एकात टाकतो, प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सिस' इम्पोर्ट करून 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. जो पाथ दिसेल, त्याच पायथनला 'डॅश एम पिप इन्स्टॉल गिटपायथन' द्या. खरं तर प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हेन्व्ह, म्हणजे लायब्ररी वेगळ्या ठेवणारं स्वतंत्र पायथन, करा, मग हा घोळच राहत नाही. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांवर व्हेन्व्हशिवाय पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार देतो. हा नकार डावलायला 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्याय टाका असा सल्ला तुम्हाला मिळेल. लॅबच्या मशीनवर कृपया तसं करू नका, ते मशीन इतरांचंही आहे.

तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव 'गिट डॉट पीवाय' असेल तर ते बदला. नाहीतर पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलतो आणि 'रेपो' सापडत नाही म्हणतो.

पुढचा अडथळा: गिटपायथन पडद्यामागे खऱ्या गिटच्याच कमांड चालवते. गिट इन्स्टॉल नसेल किंवा पाथमध्ये नसेल, तर इम्पोर्ट करतानाच 'बॅड गिट एक्झिक्युटेबल' येतं. प्रोजेक्ट दुसऱ्याच्या लॉगिनवरून किंवा पेन ड्राइव्हवरून उघडलात तर 'ड्युबियस ओनरशिप', म्हणजे फोल्डरचा मालक तुम्हीच का याची शंका, हा एरर येऊ शकतो. ही तपासणी 2022 मध्ये सुरक्षेसाठी आली. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'सेफ डॉट डिरेक्टरी'खाली त्या एकाच फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. सगळ्याला परवानगी देणारा तारा (*) टाकू नका.

गिटपायथनऐवजी पायगिट2 ही दुसरी लायब्ररी घेऊ का, असंही विचारलंय. तुमच्या कामाला गिटपायथन पुरे. पायगिट2 ही लिबगिट2 या गिटचं काम स्वतःच करणाऱ्या लायब्ररीवर बांधलेली, तिला गिटची कमांड लागत नाही. दिवसरात्र चालू राहणारी सर्व्हिस लिहायची असती तर मी तीच सुचवली असती, कारण गिटपायथन अशा लांब चालणाऱ्या प्रोसेसमध्ये रिसोर्सेस नीट सोडत नाही. एकदा चालून संपणाऱ्या अहवालात हा प्रश्न येत नाही.

इम्पोर्ट झालं की 'रेपो'ला फोल्डर द्या आणि 'आयटर कमिट्स'वर लूप फिरवा. प्रत्येक कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) 'स्टॅट्स डॉट फाइल्स'मध्ये फाइलनिहाय वाढलेल्या आणि गेलेल्या ओळी मिळतात. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: तारीख 'ऑथर्ड डेटटाइम'ची घ्या. रीबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचले, की कमिटची तारीख बदलते, लेखकाची तशीच राहते. अहवालावर मार्क ठरणार असतील तर ज्याने आधी काम केलं त्याचं श्रेय तारखेच्या गोंधळात जाता कामा नये.

पावसात वीज गेली की नेटही जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नेट असताना 'पिप डाउनलोड गिटपायथन' करून ठेवा. तिला लागणाऱ्या गिटडीबी आणि एसएममॅप त्याच फोल्डरात येतात. मग 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे पर्याय देऊन नेटशिवाय इन्स्टॉल होतं. या तिन्ही शुद्ध पायथनमध्ये असल्याने तेच फोल्डर विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालेल. पायगिट2 कंपाइल केलेली असते, ती प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळी उतरवावी लागते.