जो द्रव घट्ट धरतो तोच चांगला का?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर म्हणाले की फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजप्रकल्पासारख्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (म्हणजे नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय रसायनाच्या) द्रवात शोषून घेता येतो आणि द्रव तापवला की परत सुटतो. मग जो द्रव सगळ्यात घट्ट धरेल तोच घ्यायचा ना, यात डिझाइन करण्यासारखं काय आहे?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : अगं, खरी गोची त्या 'घट्ट'मध्येच आहे. अमाइनने गॅस धुवायचं पेटंट १९३० सालचं, म्हणजे धरणारे द्रव कधीचेच आहेत, पण धरलेलं सोडवताना दम निघतो. नेहमीचा द्रव म्हणजे ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन आणि बाकी पाणी, ४० अंशाच्या आसपास तो गॅस धरतो आणि सोडवायला १२० अंशापर्यंत न्यावा लागतो, त्यात ते ७० टक्के पाणीपण फुकट तापवायचं, आणि त्यासाठीची वाफ प्लँटमधूनच घ्यायची म्हणजे तेवढी वीज कमी! बरं, पकड फार सैल करूनही चालत नाही, कारण कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१४ टक्के असतो, तेवढ्यातनं तो उचलता आला पाहिजे. मला विचारशील तर सगळं डिझाइन ह्या मधल्या जागेसाठी आहे.

पकड सैल करायची एक युक्ती तुला लगेच समजेल. नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर मिथाइल गट बसवले की तिथे गर्दी होते, कार्बामेट (अमाइनला कार्बन डायऑक्साइड जोडून बनणारं संयुग) नीट टिकत नाही, त्याऐवजी पाण्यात बायकार्बोनेट बनतं आणि कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला दोन अमाइन लागायचे तिथे एकावर भागतं.

दुसरी वाट म्हणजे पाणीच काढून टाकायचं. २००५ मध्ये फिलिप जेसप यांच्या गटाने डीबीयू नावाचा बेस आणि हेक्सॅनॉल हे अल्कोहोल एकत्र करून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, तर साधा द्रव आयनिक, म्हणजे विद्युतभारित कणांचा (आयनांचा) झाला, आणि नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की पुन्हा पहिल्यासारखा! मला हे फार सुंदर वाटतं. पण आयन एकमेकांना ओढतात ना, त्यामुळे गॅस भरला की असा द्रव काकवीसारखा दाट होत जातो, मग पंप दमतो आणि गॅस आत शिरायलाही वेळ लागतो. म्हणून कुणी अमाइनच्या साखळीत सिलिकॉन घालतं, कुणी रेणूची रचना अशी करतं की हायड्रोजन बंध शेजाऱ्याशी न जुळता त्याच रेणूच्या आत जुळावा. शिवाय धुरात पाण्याची वाफ असतेच, ती द्रवात साठत जाते, आणि ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइडने अमाइन हळूहळू खराब होतात ते वेगळंच.

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना मात्र ही कटकट नाही, फर्मेंटेशनचा गॅस जवळजवळ शुद्धच निघतो, धुवून सुकवून दाबला की झालं. माझ्या मते तिथला गॅस आधी पकडावा.

प्रोजेक्ट करायचा असेल तर अमाइनच्या द्रावणात गॅस सोडण्याआधी आणि नंतर ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरने दाटपणा मोज, पीएचपण बघ. फक्त फ्यूम हूडमध्ये, आणि हातमोजे, गॉगल घालूनच कर हं.