‘सपन पडणे’ की ‘स्वप्न पाहणे’?

प्रश्न यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या शिक्षकांचा आहे. घरातली म्हातारी माणसं ‘मले सपन पडलं’ म्हणतात आणि शाळेतली पोरं ‘मी स्वप्न पाहिलं’ लिहितात, तर बरोबर कोणतं? आणि गावात ‘दृष्टांत झाला’ म्हणतात, तेही स्वप्नच का?

‘स्वप्न पाहणे’ हिंदीतून आलं असं समजून ते सरसकट खोडू नका. मांडूक्य उपनिषदात सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप, सांगताना, झोपलेला कोणतंही स्वप्न ‘पाहत नाही’ असेच शब्द आहेत. मराठीत मात्र झोपेतलं स्वप्न पडतं; प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते, तसंच. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो, ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. जागेपणी मनात धरतो ते आपण पाहतो, बाळगतो: बोअरला पाणी लागावं, पोरगी नर्स व्हावी.

आणि आपण न मागता पडलं, म्हणूनच त्याचा अर्थ विचारावासा वाटतो. सकाळी सडा टाकता टाकता एखादी बाई शेजारणीला सांगते, ‘सपनात माय आली व्हती वं, उपाशी दिसली.’ शेजारीण खरं-खोटं करत बसत नाही. ‘मंग कोनाले तरी जेवाले घाल,’ म्हणते. स्वप्नाचं प्रयोजन मला इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं: गेलेल्या माणसाबद्दल मनात राहून गेलेलं बोलायला वाट मिळते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण कारण सांगते. पुढं काय करायचं, ते शेजारीण सांगते.

‘दृष्टांत’चा मूळ अर्थ उदाहरण, दाखला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा, त्याच पंथातल्या केसोबासांनी सिद्ध केलेला ‘दृष्टांतपाठ’ त्याच अर्थाचा, आणि महानुभावांचं ऋद्धपूर तर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. बोलण्यात मात्र देव किंवा साधुपुरुष स्वप्नात येऊन काही सांगून गेला, की तो दृष्टांत. नुसता दिसला तर ते सपनच.

पहाटेचं सपन खरं होतं म्हणतात, त्याबद्दल थोडं. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदवला. ठळक स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात आणि हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. तेव्हा पहाटेचं स्वप्न जास्त लक्षात राहतं, एवढं नक्की.

सर, वहीत ‘मी डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहतो’ असेल तर राहू द्या. ‘काल रात्री मी वाघाचं स्वप्न पाहिलं’ असेल, तर ‘मला वाघाचं स्वप्न पडलं’ असं करून द्या.