पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं नसतं

‘दुपारी गेम लावला की पीसी फाटकन बंद, रात्री मात्र बरोबर चालून राहिला. रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकली, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. हातात २५०० रुपये आहेत.’ भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझा २०१८ चा मे महिना आठवला. बोर्ड बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. आधी एसएमपीएस बघा, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा.

तुम्ही टाकलेल्या फोटोत डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट आहे, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १७ अँपिअर आहे. १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही यावरच जगतात. तुमचं १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड एकटं १२५ वॅट खातं. बाकी हिशोब तुम्हीच करा. (काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली दिलेला एकत्रित आकडा बघा.)

दुपारीच का, तर खोली तापते तसा स्वस्त एसएमपीएस आणखी कमी वॅट देतो. त्यात मोहल्लाभर कूलर-एसी सुरू, व्होल्टेज पडलेलं, म्हणजे तेवढ्याच कामासाठी तो भिंतीतून जास्त करंट ओढतो आणि अजून तापतो.

आता माझी चूक. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता, वॉरंटीतला. घेऊन गेलो वॉरंटीच्या काउंटरवर, नाव घेत नाही. तिथल्या पोराने हिरवी वायर काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडली, पंखा फिरला, ‘ओके आहे सर’. अरे बाबा, त्याने फक्त तो सुरू होतो एवढंच कळतं! २०० वॅटचा लोड टाकून १२ व्होल्ट ११.४ च्या खाली जातात का, हे कोण बघणार? तीन चकरा मारल्या, तिन्ही भर उन्हात. दर वेळी टोकन, दर वेळी तोच पंखा, तीच ‘दोष आढळला नाही’ची चिठ्ठी. तिसऱ्यांदा मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय. घरी येऊन तोच डबा परत जोडला, आणि कळस म्हणजे भाचीच्या हळदीचं सगळं शूटिंग असलेली दुसरी हार्ड डिस्कसुद्धा त्यावरच लावली. बॅकअप नव्हता. रात्री एकच्या सुमारास जळका वास आला. बोर्ड गेला, दोन्ही डिस्क गेल्या. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘वॉरंटी एसएमपीएसची आहे, बाकीची जबाबदारी आमची नाही.’ बहीण अजून बोलून दाखवते.

तेव्हा ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं सुचलं नाही. १९१५ वर करता येतो. तुमचं तसं काही झालं तर पावतीवर सीरियल नंबर आहे ना ते बघा आणि ‘लोड टाकून तपासलं का’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. तोंडी ओकेला काही अर्थ नाही.

घ्यायचं काय? मी इंजिनिअर नाही, डीटीपीवाला माणूस आहे, तेव्हा चार जणांना विचाराच. माझं मत असं: ५५०-६५० वॅटच्या मागे लागू नका. ४५० वॅटचाच घ्या, पण १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास देणारा, कार्डासाठी स्वतःची ८ पिनची वायर असलेला, किमान तीन वर्षं वॉरंटीचा. ८० प्लसच्या बिल्ल्याला भुलू नका. तो बिल्ला वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आणि ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे मे महिन्यात २३ अंश फ्रिजमध्ये शोधावे लागतात. म्हणून पूर्ण वॅट किती तापमानाला देतो ते वाचा, ४० लिहिलं असेल तर उत्तम. जुना, वापरलेला तर अजिबात नको. मॉनिटर सेकंडहँड घ्या, रॅम घ्या, हा नको.

पाचशे-सातशे कमी पडत असतील तर एक महिना थांबा. तोवर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. मोलेक्सच्या (जुन्या चार पिनच्या वायरीच्या) कन्व्हर्टरवर कार्ड चालवत असाल तर मात्र आजच काढून ठेवा, त्या वायरी वितळतात.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतो म्हणालात. त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला. दोष कशात आहे ते त्यातून कळत नाही, तेव्हा त्यावर डोकं खपवू नका.

विषयाबाहेरचं एक: कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील आणि पीसी त्याच स्विचबोर्डावर असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग बघा. कूलरचा झोतही कॅबिनेटवर घेऊ नका, ती ओली हवा असते.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी लेबलचा फोटो इथे टाका. दुपारी मी ऑनलाइन असतो.