चाकावर बसण्याआधी

कुंभारकामाचे पहिले काही वर्ग तरी भांडं घरी न्यायचा विचार डोक्यातून काढून टाका. माती चाकाच्या मधोमध आणणं, म्हणजे सेंटरिंग, हेच खरं काम. ते जमेपर्यंत भांड्याची भिंत वर ओढायची घाई नको. कोपर मांडीला किंवा पोटाला टेकवा. जोर मनगटाचा नाही, अंगाचा हवा. पाणी बेताचंच. नवखे आधी चिखल करतात आणि भांडं कोसळलं की दोष चाकाला! नखं कापून या, हे वेगळं सांगायला नको.

भट्टी सगळ्यांची असते, तिथे मात्र जपून. भांडं फुटतं ते बहुतेकदा आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. १०० अंशांना पाण्याची वाफ होते, जाड तळ उडतो आणि शेजारच्याचा कपही घेऊन जातो. म्हणून भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून वाळू द्या. तळाला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, अजिबात ठेवू नका, ते वितळून भट्टीतल्या फळीला चिकटतं.

कप थोडा मोठाच घडवा, वाळून-भाजून माती साधारण दहाव्या हिश्शाने आकसते. निघताना टेबल ओल्या स्पंजने पुसा. कोरडा झाडू नको, मातीच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसांना घातक असते.